शेवटची पंगत

मनिला, १७ ऑक्टोबर १९०७

मानांग सेदेस,

धाकट्याने थोरल्या बहिणीचा घ्यावा तसा तुझा हात कपाळाला लावतो. लांबूनच. लांबून लावला की तुला तो मागे घेता येत नाही, पत्राचा एवढाच काय तो फायदा.

काल आमची सभा भरली. देशाची पहिली निवडून आलेली सभा, सगळ्या बेटांचे मिळून ऐंशी सभासद. उद्घाटन नाटकगृहात झालं, कारण एवढी गर्दी मावेल अशी दुसरी जागा नव्हती. अमेरिकन साहेब बोलले, आमचे लोक बोलले, बँड वाजला. मी मागच्या ओळीत खांबाच्या आड होतो. टाळ्या वाजवताना कोटाचं मधलं बटण तुटून पुढच्या माणसाच्या मानेवर आपटलं. तू म्हणायचीस तसा मी सुटलोच आहे, आणि इथल्या खानावळीच्या डुकराच्या चरबीने आणखी सुटेन.

लिनाबानच्या लोकांनी मला मतं दिली. बायकांना मत नाही हे माझं नशीब, नाहीतर एक मत कुणाला पडलं असतं ते मला पक्कं ठाऊक आहे.

मी इथे का आलो तेही तुला ठाऊक आहे. तुझा सान्तो या शहरातल्या मोठ्या तुरुंगात आहे, माझ्या खोलीपासून चालत अर्ध्या तासावर. वीस वर्षांपैकी अडीच झाली. माझी मुदत सव्वादोन वर्षांची आहे. तेवढ्यात त्याला सोडवून तुझ्या दारात आणून उभा करायचा आहे. असा शब्द द्यावा असं फार वाटतं. पण माझ्या शब्दाने एकदा काय झालं ते दोघांनाही माहीत आहे, म्हणून शब्द देत नाही, नुसतं लिहितो.

रविवारी त्याला भेटायला जाईन.

तुझा धाकटा भाऊ,
तिबुर्सियो

× मास्तर रुपेर्तो, हे तुमच्यासाठी. मानांगला वाचता येत नाही, आणि गावात तुमच्याइतका तोंडाचा घट्ट माणूस दुसरा नाही. माझ्या पत्रात जिथे अशी फुली दिसेल, तिथून खालचं मोठ्याने वाचायचं नाही. ते मी तुम्हाला लिहितो. कुणाला तरी लिहायला हवं.

तुम्ही गावात नंतर बदलून आलात, म्हणून माझ्या तोंडून एकदा ऐकून ठेवा. १९०५ साली मी गावचा प्रमुख होतो. अमेरिकनांशी चाललेलं युद्ध संपून गेलं होतं, तरी माझा भाचा क्रिसान्तो, मानांगचा हा सान्तो, डोंगरातून उतरला नव्हता. गावच्या शिपायांचा कॅप्टन मला म्हणाला, "खाली आण त्याला. महिनाभर हजेरी घेऊ, मग जाऊ दे घरी." मी डोंगरात गेलो, माझा शब्द दिला, आणि पोरगा उतरला. मानांगने डुक्कर कापलं, सगळ्या गावाला जेवण घातलं. आपली रीत तुम्ही जाणता. पहिली पंगत पाहुण्यांची, दुसरी गावकऱ्यांची, घरच्यांची शेवटी. पहिल्या पंगतीला कॅप्टन, पाद्री आणि मी. सान्तो आमच्या मागे उभा राहून माश्या वारत होता. त्याच्या बरगड्या सदऱ्यातून मोजता येत होत्या. दुसरी पंगत बसली होती तेवढ्यात कॅप्टनने तोंड पुसलं, शिपायांना खूण केली, आणि त्यांनी त्याला बांधला. पुढे कोर्टाने दरोडेखोर ठरवून वीस वर्षं दिली.

मी मानांगचा हात धरायला गेलो. तिने तो पाठीमागे घेतला. एवढंच म्हणाली, "त्याला जेवू तरी द्यायचं होतं." तेव्हापासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. म्हणून माझ्या पत्रात दुसरं काही असो नसो, सान्तो जेवला हे नक्की असेल. ते तेवढं जरा सावकाश वाचत जा.


रविवार, ३ नोव्हेंबर १९०७

मानांग,

तुझा हात कपाळाला.

तुझं गाठोडं बोटीवरून नीट पोचलं. माझ्यासाठी त्यात काही नव्हतं, असावं असं मी म्हणतही नाही. ताडपानात शिजवलेल्या चिकट भाताचे इबोस, एकही आंबला नव्हता. सगळे सान्तोला दिले. त्याची तब्येत बरी आहे. केस बारीक कापलेत, कान तुझ्या नवऱ्यासारखे दिसतात. खोबऱ्याचा बुकायो त्याने आधी खाल्ला आणि मग भात, लहानपणी करायचा तसंच. पोटभर जेवला.

तिबुर्सियो

× मास्तर, तो भेटत नाही. आज तिसरा रविवार. फाटकावर मांग कुलास, म्हणजे कुलासकाका, म्हणून म्हातारा पहारेकरी आहे, तो आत जाऊन निरोप देतो आणि परत येतो.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"सांगू का नको?"

"सांगा हो."

"म्हणाला, सभासद साहेबांना सांगा, मी घरी नाही."

हे सांगताना म्हाताऱ्याला हसू आवरेना, आणि मलाही आलं. हसलो आम्ही दोघं फाटकाच्या दोन बाजूंना. मग मी विचारलं, जेवण घेतो का? "घेतो की. गोड आधी खातो आणि भात मागून. उलट्या खोपडीचा दिसतो." तेव्हा पत्रात लिहिलेलं जेवणाचं खोटं नाही. कान मात्र मी मनाने लिहिले.


२० डिसेंबर १९०७

मानांग,

मास्तरांना विचारलंस तर ते सांगतील, आमच्या सभेने शाळांचा कायदा केला. वाड्यावस्त्यांवर शाळा बांधायला मोठी रक्कम काढली आहे. मी हो म्हणून मत दिलं. पुढेमागे लिनाबानमध्ये बायकांचा वर्ग निघाला तर तू जाऊ नकोस. तुला वाचता यायला लागलं तर माझी पंचाईत होईल.

नाताळाला सगळे सभासद आपापल्या बेटांवर चाललेत. मी इथेच राहतो आहे, काम फार आहे. सान्तो बरा आहे. जेवला.

तिबुर्सियो

× काम कसलं डोंबलाचं. सभागृहाला कुलूप आहे. खानावळीत मी आणि मालकीण आलिंग बिनांग, दोघंच. काल म्हणाली, "डॉन, तुम्हाला घर नाही का? विसाया बेटांवरच्या लोकांना घरं असतात असं ऐकलं होतं." मी म्हटलं, आहे, पण तिथे सध्या मी घरी नाही. तिला काही कळलं नाही.

तुम्हाला आणखी एक सांगतो. दोन महिन्यांत मी सभेत एकदाही तोंड उघडलेलं नाही. इतर लोक तासतास बोलतात, स्पॅनिश अशी की ऐकत राहावं. मी पुकारा झाला की हो किंवा नाही म्हणतो आणि बसतो. माझं नाव मुका सभासद पडलं आहे. लोकांपुढे उभं राहिलं की मला डोंगरातली ती सकाळ आठवते. तिथेही मी फार चांगलं बोललो होतो.


९ फेब्रुवारी १९०८

मानांग,

तुझा हात कपाळाला, आणि आज जरा घट्ट धरून.

डॉन फाउस्तो म्हणून शेजारच्या प्रांताचे सभासद आहेत, बोलके, सगळ्यांच्या ओळखीचे. त्यांनी ठराव आणला आहे की युद्धापायी जी माणसं तुरुंगात पडली आहेत त्यांना माफी मिळावी. प्रत्येक सभासदाने आपल्या प्रांतातली नावं लिहून द्यायची. मी दिली. सान्तोचं नाव यादीत आहे. मी माझ्या हाताने लिहिलं, वळणदार अक्षरात. आता कागद वरच्या कचेरीत जाईल. धीर धर.

आज रविवार. पोटभर जेवला.

तिबुर्सियो

× मास्तर, बारा नावं दिली. सान्तो बारावा.

लेखणी हातात घेतली तेव्हा पहिलं त्याचंच लिहिणार होतो. मग वाटलं, लोक काय म्हणतील? सभासद झाला आणि आधी आपल्या घरचं पान वाढून घेतलं. ज्या बाईने मला वाढवलं तिनेच शिकवलंय, घरचे शेवटी. म्हणून आधी परक्यांच्या पोरांची अकरा नावं लिहिली. यादी बघून डॉन फाउस्तो म्हणाले, "हा बारावा तुमचा भाचा ना?"

"हो. म्हणूनच बारावा."

"शाबास! याला म्हणतात खानदान." आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

मला बरं वाटलं, लपवत नाही. फार दिवसांनी कुणी माझ्या अंगाला हात लावला होता. घरी येईपर्यंत ती जागा ऊबदार वाटत होती.


२४ मे १९०८

मानांग,

काम चाललं आहे. कागद फिरताहेत. मनिलात उकाडा असा की बोलणाऱ्यांचीही भाषणं आखूड झाली. तुझं गाठोडं मिळालं. सान्तो जेवला.

तिबुर्सियो

× आपल्या प्रांतातली नऊ माणसं सुटली. पहिली नऊ.

मी कचेरीत गेलो. विचारलं, नऊच का? कारकुनाने यादी काढून दाखवली. माझं अक्षर मोठं आणि वळणदार. पहिल्या पानावर नऊच नावं मावली होती. दुसरं पान कुणी उलटलंच नव्हतं. मी म्हटलं, मग आता उलटा. तो म्हणाला, "महाशय, सही झाली. उरलेल्यांसाठी पुढच्या अधिवेशनात नवा ठराव आणा." म्हणजे पुढच्या फेब्रुवारीत.

बारीक अक्षरात लिहिलं असतं तरी चाललं असतं. पहिलं लिहिलं असतं तर प्रश्नच नव्हता. डॉन फाउस्तो समोरून आले की मी आता जिन्याची दुसरी बाजू धरतो. त्यांची काही चूक नाही. तिला हे वाचून दाखवू नका, पाया पडतो.


रविवार, २१ जून १९०८

मानांग,

आज सान्तो खरंच भेटला.

म्हणजे दर रविवारी भेटतोच, पण आज खूप वेळ भेटला असं म्हणायचं होतं. माझ्यासमोर बसून त्याने इबोस खाल्ला. पान चाटून साफ केलं. मला म्हणाला, "बघा तियो, जेवतोय. आईला कळवा." म्हणून कळवतो.

तिबुर्सियो

× त्याने स्वतः निरोप पाठवला होता की आज मी घरी आहे. मांग कुलासने त्याला खांद्याचा आधार देऊन आणलं. पाय सुजलेत, मास्तर. बोटाने दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. दोन पावलं चालला की थांबतो. चोवीस वर्षांचा आहे.

मी गजांपाशी जमिनीवरच बसलो. सगळं सांगितलं. बारावं नाव, दुसरं पान, सगळं. तो ऐकत होता. मला वाटलं, थुंकेल. थुंकला असता तर पुसलं नसतं.

तो हसला. म्हणाला, "काय हो तियो, इथेही मला शेवटच्याच पंगतीला बसवलंत?"

मी तोंड सदऱ्याच्या बाहीत लपवलं. मग तो म्हणाला, "रडू नका. कुलास बघतोय, गावभर करेल. आईनेपण बारावंच लिहिलं असतं. पुढच्या वेळी तेवढं वर घ्या."

आणि गजांतून हात काढून माझा हात कपाळाला लावला. त्याचं कपाळ गार होतं, जूनच्या उकाड्यात. डॉक्टरला बघायला सांगून आलो आहे. सोडवण्याचा अर्जही वेगळा केला आहे. बघू.


२७ ऑगस्ट १९०८

मानांग,

सगळं ठीक आहे. सान्तो जेवला.

तिबुर्सियो

× सान्तो रविवारी सकाळी गेला.

मी नेहमीच्या वेळेला गेलो, हातात तुझा, म्हणजे मानांगचा, डबा. मांग कुलास फाटकावर होता. मी चेष्टेने विचारलं, "काय, आज आहेत का घरी?" त्याने टोपी काढली. मला वाटलं उकडत असेल.

पायांची सूज वर चढली आणि काळजापर्यंत पोचली. नुसत्या पांढऱ्या भाताने होतं म्हणे. आत बऱ्याच जणांना आहे. माझा अर्ज अजून टेबलावर आहे, त्यावर शिक्काही बसला नाही. सोमवारी पुरलं. मी, कुलास आणि भाड्याने आणलेला पाद्री. पाद्रीने नाव दोनदा चुकवलं, दोन्ही वेळा मी दुरुस्त केलं. बुकायो पेटीत ठेवला. आणखी काय ठेवणार होतो?

मास्तर, तिला सांगू नका. मी येऊन तोंडाने सांगेन. असं पत्रातून सांगायची गोष्ट आहे का ही? तोवर मी लिहितो तेच वाचा. तो जेवला म्हणून लिहिलंय, तर जेवला म्हणून वाचा.


२८ डिसेंबर १९०८

मानांग,

नाताळाचं गाठोडं पोचलं. हातमागावरचा सदरा फार सुरेख झालाय, पांढरा, बाहीला निळी रेघ. सान्तो खूश झाला. माकूलही आवडीने खाल्लं.

मी येणार होतो, पण अधिवेशनाची तयारी आहे. उन्हाळ्यात नक्की.

तिबुर्सियो

× मास्तर, मला मानांगची काळजी वाटते. चार महिन्यांत गाठोड्यात बुकायोचा तुकडा नाही. नुसतं सुकवलेलं माकूल, दर खेपेला जास्तच. सान्तोला त्याचा वास सहन होत नसे, आम्ही खायला बसलो की घराबाहेर पळायचा. आणि सदरा? त्यात दोन सान्तो मावतील. आई पोराचं माप विसरली का? तिचं मन ठिकाणावर आहे ना? तुम्ही रोज जाता, जरा बघा.

सान्तो गेल्यावरची पहिली गाठोडी मी कुलासला देऊन आलो, आतल्या कुणाला तरी द्या म्हणून. या वेळी आलिंग बिनांगने दार ठोठावलं. "डॉन, तुमच्या माकलाने माझं घर कोळीवाडा केलंय. खा, नाहीतर फेका." फेकवलं नाही. दार लावून घेतलं आणि एकट्याने सगळं खाल्लं. मेलेल्या पोराच्या वाटणीचं. चव अगदी घरची होती. तुमच्याशिवाय हे मी कुणाला सांगणार?


२१ मे १९०९

मानांग,

तुझा हात कपाळाला.

मास्तर, या पत्रात फुली नाही. सगळं मोठ्याने वाचा, पहिल्या अक्षरापासून. मध्ये थांबू नका.

काल आमचं शेवटचं अधिवेशन संपलं. फेब्रुवारीत मी एकदा बोललो. दीड वर्षात पहिल्यांदा. उरलेल्या माणसांच्या माफीचा ठराव मी स्वतः आणला. उभा राहिलो तेव्हा डॉन फाउस्तोंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू खुर्चीला वाचा फुटली. तीन नावं होती. मी पहिलं नाव वाचलं, क्रिसान्तो, लिनाबान, माझ्या बहिणीचा मुलगा. मग निकासियो आणि लुसियो. सचिव उभे राहून म्हणाले, "महाशय, पहिल्या नावापुढे मयत असा शेरा आहे. वगळायचं ना?"

मी म्हटलं, "नाही. ते पहिलंच राहील."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. सभेच्या कागदांत नाव छापून आलं आहे, सगळ्यांत वर. आता त्याचा काय उपयोग, असं तू विचारशील. काहीच नाही.

मानांग, सान्तो गेल्या ऑगस्टात गेला. तेवीस तारखेला, सकाळी, पाय सुजून. नऊ महिने मी तुला खोटं लिहितो आहे. पहिल्या यादीत मी त्याचं नाव बारावं लिहिलं होतं आणि वरची नऊ माणसं सुटली. पहिलं लिहिलं असतं तर मेमध्ये तो तुझ्या घरी असता. दोनदा तो माझ्यामुळे मागच्या पंगतीला राहिला, आणि दोन्ही वेळा मी आधी जेवून घेतलं होतं.

उन्हाळ्यात येईन म्हटलं, नाताळात येईन म्हटलं. धक्क्यापर्यंत दोनदा गेलो होतो. एकदा तर तिकीट काढलं होतं.

निकासियो आणि लुसियो सुटले आहेत. उद्या, शनिवारच्या बोटीने निघताहेत, हे पत्र त्यांच्याच हाती देतो. त्यांना सगळं ठाऊक आहे. तुला धक्क्यावर कुणा तिसऱ्याकडून कळू नये म्हणून त्यांना बजावलंय, मास्तर पत्र वाचून बाहेर येईपर्यंत दारात जायचं नाही.

माझी मुदत वर्षाच्या सरतीला संपते. पुन्हा उभा राहणार नाही. तू बोलावलं नाहीस तर लिनाबानला येणार नाही, इथे आलिंग बिनांगची खोली आहेच. सदरा घडी घालून पेटीत ठेवला आहे. कुणीही घातलेला नाही. तो परत पाठवू की काय करू, तेवढं मास्तरांकडून कळव.

तिबुर्सियो


लिनाबान, ९ जून १९०९

डॉन तिबुर्सियो, मानांग सेदेस सांगताहेत तसंच्या तसं लिहितो आहे. यात माझा शब्द नाही. मला क्षमा करा, का ते पुढे कळेल. – रुपेर्तो

बुर्सियो,

पत्र मिळालं. तुझी ती दोन माणसं दाराबाहेर चोरासारखी उभी होती. त्यांना आधी आत घेऊन जेवायला घातलं, पत्र मग ऐकलं.

मास्तरला मी पहिल्याच पत्राला पकडला होता. पान तर खालपर्यंत काळं झालेलं, आणि याचं वाचन अर्ध्यात संपलं. मला अक्षर कळत नसेल, भरलेलं पान कळतं. म्हटलं, सगळं वाच, नाहीतर ऊठ आणि पुन्हा या घरात कॉफी मागू नकोस. वाचलं बिचाऱ्याने. तेव्हापासून फुलीखालचं आधी वाचतो, वरचं मागून.

सान्तोचं मला सप्टेंबरात कळलं. तीन वेळा वाचायला लावलं. नऊ दिवस प्रार्थना केली, सगळा गाव बसला होता. गावाला सांगून ठेवलं, जो कोणी मनिलाला कळवेल त्याने माझ्या दारात यायचं नाही.

का कळवलं नाही, ते ऐक. तू लिहायचास, सान्तो जेवला. खोटं आहे हे ठाऊक होतं. तरी मास्तरला म्हणायचे, तेवढं परत वाच. तुझं पत्र यायचं आणि माझं पोर त्या दिवशी जेवायचं. तुला कळलंय म्हटलं असतं तर तू लिहायचं बंद केलं असतंस.

आणि तू एकट्याने केलंस म्हणून उरी घेऊन बसलायस, ते सोड. पंगती कुणी मांडल्या होत्या? मीच ना? चुलीपाशी नेऊन त्याच्या तोंडात एक घास घालता आला असता, कोण बघत होतं? मीच म्हटलं, थांब रे, पाहुणे उठू देत. चार वर्षं तुझ्याशी बोलले नाही, कारण बोलले असते तर हे बोलावं लागलं असतं. बारावं नाव मीपण लिहिलं असतं. सान्तो बरोबर बोलला. शहाणा होता.

आणि माझं मन ठिकाणावर आहे का म्हणून मास्तरला विचारतोस? सप्टेंबरपासूनची गाठोडी तुझी होती, येड्या. सान्तोने जन्मात माकूल तोंडाला लावलं नाही. इतकं माकूल गेलं, तरी तुझ्या डोक्यात उजेड पडला नाही. असली माणसं सभेत बसवतात म्हणून देशाचं असं झालंय. सदरा तुझ्या पोटाच्या मापाचा आहे. दुप्पट सूत लागलं. परत बिरत पाठवू नकोस, अंगावर घालून ये.

ऑगस्टात पोराचं वर्ष आहे. त्याच्या थडग्यावरची मूठभर माती आण. त्या दिवशी एकच पंगत बसेल. पाद्री नाही, पाहुणा नाही, गाव नाही. तू, मी, आणि त्याचं ताट. त्याचं ताट मी पहिलं वाढणार आहे.

माफ केलं असं म्हणत नाही. तुलाही नाही आणि मलाही नाही, ते मला अजून जमत नाही. पण मी हात पुढे केलाय. कपाळ घेऊन ये.

प्राक्सेदेस. सहीच्या जागी तिची खूण, तिने स्वतः काढलेली:

×